पूजेआधी सर्व्हरला कुलूप

११ ऑक्टोबर, आयुधपूजा. दुपारी पूजेसाठी सर्व्हर बंद व्हायचा होता. त्याआधी त्याला नवं कुलूप लावून बघायचं, हे माझं काम.

चेन्नईत अंबत्तूरला आमच्या कारखान्यात गाड्यांचे रबरी भाग बनतात. तिथले संगणक मी सांभाळते. कुलूप म्हणजे एवढंच, की मंजूर यादीतले प्रोग्रॅम सर्व्हरवर चालतील, बाकीचे अडतील. यादीत नुसतं नाव नसतं, फाइलचा ठसा असतो. फाइलमध्ये जरा बदल झाला की ठसा जुळत नाही.

कुलूप चालू करून प्रत्येकाला आपापलं काम उघडायला सांगितलं. हिशेब उघडले, हजेरी उघडली. गोदामाचा लेबलं छापणारा प्रोग्रॅम अडला. लेबलांशिवाय माल गिऱ्हाईकाच्या फाटकातून आत जात नाही, आणि विजयादशमीच्या सकाळी पहिला ट्रक निघालाच पाहिजे, असा मालकांचा नेम.

गोदाम बघणारे गृहस्थ तंजावरकडचे मराठी. वयाने मोठे, तरी मला अक्का म्हणतात.

"अक्का, बरीच वर्षं याच घरात आहे तो. आज त्याला ओळख विचारता?"

"पटली तर आत घेते."

पटली नाही. प्रोग्रॅम मध्ये एकदा बिघडला होता, तेव्हा त्यांनी कुणाकडून तरी आपल्या पेनड्राइव्हवर प्रत आणून बसवली होती. नाव तेच. कपाटातली मूळ सीडी काढून ताडून पाहिलं, तर ठसा वेगळा. का वेगळा, ते शोधत बसायला वेळ नव्हता. गुरुजी येऊन बसले होते.

मालक म्हणाले, उद्यापुरतं कुलूप काढा, पुढचं नंतर बघू.

"काढायचं तर तुमच्या हातानं काढा," मी म्हटलं. "मग आत काय शिरलं ते मला विचारू नका."

त्यांनी काढलं नाही. ट्रक अडला तर उत्तर मी द्यायचं, एवढं बजावलं. मी हो म्हटलं आणि सर्व्हर बंद केला. त्याला चंदनकुंकू लागलं, पंख्याच्या जाळीत अडकलेल्या पाकळ्या मी काढल्या. पूजेनंतर सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नसतो. प्रसादाची हरभऱ्याची उसळ, सुंडल, खाऊन घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ट्रकच्या आधी पोचले. सीडीवरून मूळ प्रोग्रॅम बसवला, त्याचा ठसा यादीत घातला, एक लेबल छापून स्कॅनरखाली धरलं. वाचलं गेलं. बाकीची लेबलं छापायला गोदामवाल्यांना बसवलं, जुनी प्रत पुसली आणि त्यांच्याकडून तो पेनड्राइव्ह तपासायला मागून घेतला.