शुल्क शून्य

घोलवडच्या एका चिकूच्या वखारीत मी अकरा वर्षं हिशेब पाहते. बागवाल्यांचे पैसे, ट्रकचं भाडं, फळं निवडणाऱ्या बायकांची मजुरी, सगळं माझ्याच फोनवरून जातं. कसं पाठवलं की किती कापतात, हे मला तोंडपाठ आहे. यूपीआय फुकट, पण त्याला दिवसाची मर्यादा. आयएमपीएस लगेच पोचतं, पण माझी बँक त्याचे थोडे रुपये आणि वर कर घेते. एनईएफटी ॲपवरून फुकट. मात्र ते अर्ध्या अर्ध्या तासाने, एकेका खेपेत जातं. शेठ नव्या माणसाला सांगायचे, "चार्ज कसा वाचवायचा ते या बेनकडून शिका." मला ते ऐकायला आवडायचं.

मी लग्नानंतर डहाणूत राहते. आई तलासरीच्या पुढे, डोंगराकडच्या पाड्यावर धाकट्या भावाजवळ असायची. एका सकाळी बायकांच्या मजुरीचे पैसे पाठवून झाले होते आणि भावाचा फोन आला.

"ताई, आईच्या छातीत दुखतंय. जीप करून वापीला आणलंय. आधी चाळीस हजार भरा म्हणतात."

"भरतो म्हणून सांग. आत घ्यायला लाव."

"पैसे दिसले की घेतो म्हणतात."

त्याने काउंटरवर चिकटवलेल्या खाते क्रमांकाचा फोटो पाठवला. माझी यूपीआयची मर्यादा मजुरीतच संपली होती. मी बँकेचं ॲप उघडलं, आकडे घातले, दोनदा तपासले. खाली दोन पर्याय आले. एकापुढे थोडे रुपये लिहिले होते. दुसऱ्यापुढे, शुल्क शून्य. मी दुसऱ्यावर बोट ठेवलं. विचार करून ठेवलं असं म्हणता येणार नाही. रोज ठेवते तसंच ठेवलं.

दहा मिनिटांनी त्याचा फोन आला. "नाही आले, ताई."

"खेप लागते. अर्ध्या तासाने जातात," मी म्हणाले. बागवाल्यांना ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात.

"बरं," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर मी काय केलं ते माझ्या लक्षात आलं. पण पैसे निघून गेले होते. परत ओढून घेता येत नाहीत. खात्यात दुसऱ्यांदा पाठवण्याइतके उरले नव्हते. शेठ बागेत गेले होते. त्यांना फोन लावला, लागला नाही. मी खुर्चीवर बसून राहिले. समोर बायका चिकू निवडत होत्या, मोठे एका क्रेटमध्ये, बारीक दुसऱ्यात. पस्तीस मिनिटांनी भावाचा मेसेज आला, "आले. आत नेलं."

आई तिसऱ्या दिवशी गेली.

डॉक्टरांना मी स्वतः विचारलं, की अर्धा तास आधी आत घेतलं असतं तर? ते म्हणाले, "त्यांनी दोन दिवस दुखणं अंगावर काढलं होतं. अर्ध्या तासाने काही फरक पडला नसता." मी बरं म्हणाले. मी रडले नाही. बाराव्यापर्यंत आलेल्या लोकांना चहा देत राहिले, भांडी घासली, तेराव्यानंतर वखारीत गेले.

महिन्याभराने आईचं खातं बंद करायला आम्ही तलासरीच्या शाखेत गेलो. कारकून पासबुक छापून देत होता. सरकारी योजनेचे पैसे यायचे, मधे मधे काही कापलेलं असायचं. मेसेजचे. कार्डाचे, वर्षातून एकदा. ते कार्ड आईने कधी वापरलंच नव्हतं. ते घरी पत्र्याच्या पेटीत पाकिटासकट सापडलं होतं, पाकीटही न फोडलेलं.

"हे परत मिळतील का?" भावाने विचारलं.

"मागचे नाही मिळत," कारकून म्हणाला. उरलेले अकरा हजार त्याने भावाच्या नावावर वळते केले. आम्ही सह्या केल्या.

बाहेर पाड्याकडची वडाप जीप भरायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. त्या दिवसाबद्दल भाऊ तोपर्यंत एक शब्द बोलला नव्हता. आता म्हणाला, "ताई, पैसे यायची वाट बघत थांबलो होतो ना, तेव्हा ती बोलत होती."

"काय?"

"चहा मागत होती. देऊ नका म्हणाले होते, म्हणून मी नुसते ओठ ओले केले. मग म्हणाली, इथला पंखा बघ किती स्वच्छ आहे. आपला कधी पुसतोस? मग तुझं विचारलं. ताईला कळवलंस का? तिचा खाडा पडेल, म्हणाली."

"आणि?"

"आणि काही नाही. आत नेलं."

मी ऐकून घेतलं. काहीतरी वाटायला हवं, असं वाटलं, आणि वाटेना. समोर एक बाई जिवंत कोंबड्या पाय बांधून जीपच्या टपावर ठेवायला पाहत होती, ड्रायव्हर नको म्हणत होता.

"पुसलास का?" मी विचारलं.

"काय?"

"पंखा."

"नाही अजून," तो म्हणाला.

जीप भरली. तो पाड्याकडे गेला आणि मी डहाणूची एसटी पकडली.