कारणाचा रकाना

क्वार्टर मिळायच्या आधी आम्ही आनंद नगरात भाड्याने राहायचो आणि दर वर्ष-दीड वर्षाने खोली बदलायचो. घरमालकाला आधी आम्ही आवडायचो, मग हळूच आडनाव विचारलं जायचं, मग गावाकडे आमचं घर कुठल्या वस्तीत आहे ते, आणि मग त्याच्या भाच्याचं लग्न ठरून त्याला आमची खोली लागायची. भोपाळमध्ये इतक्या भाच्यांची लग्नं आमच्यामुळे ठरली, तरी एकाही लग्नाचं आमंत्रण कसं नाही, असं बाबा हसत म्हणायचे. आई हसायची नाही. सामान तिला बांधावं लागायचं.

बाबा नागपूरहून इथल्या कारखान्यात आले होते, इन्स्पेक्शनला. मशीनवरून उतरलेला भाग मोजायचा, मापात बसला तर पास, नाही तर लाल चिठ्ठी. चिठ्ठीवर कारण लिहावंच लागे. कारण नसलं तर कामगार ती चिठ्ठी मानत नसत. बाबांना हा नियम फार प्रिय होता. मी ताटात भाजी टाकली की ते घरीसुद्धा विचारत, "कारण?" आणि "आवडत नाही" हे कारण चालत नसे.

टाउनशिपच्या क्वार्टरांची यादी ऑफिसबाहेरच्या बोर्डावर लागायची. नंबर नोकरीला लागल्याच्या तारखेवरून यायचा. तिथे आडनाव बघून पुढे-मागे करायची सोय नव्हती. बाबांचा नंबर लागला त्या दिवशी त्यांनी मला सायकलवर बसवून नेलं आणि बोर्डावरचं त्यांचं नाव माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. मी दहा वर्षांची होते, मला लाज वाटली. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

चार क्वार्टरांचा ब्लॉक होता, आमचं वरच्या मजल्यावर. समोरच्या दारात ग्वाल्हेरचं मराठी कुटुंब. मराठी शेजार मिळाला म्हणून ते हरखून गेले. काकूंनी पहिल्याच दिवशी बशीभर पोहे पाठवले, काका बाबांना घेऊन सगळ्या टाउनशिपची ओळख करून देऊन आले. मराठी बोलतात म्हणजे आपल्यातलेच असणार, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. परमुलखात ही चूक मराठी माणूसच करू जाणे. तिसऱ्या दिवशी आईने भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो. बशी न्यायला आलेल्या काकूंनी उंबरठ्यावरूनच भिंत पाहिली आणि गॅसवर दूध असल्याचं सांगून काढता पाय घेतला. बशी न्यायला त्या पुन्हा आल्या नाहीत.

आठवड्याभराने, रविवारी सकाळी, काका एक अर्ज घेऊन आले. दोघांची संमती असेल तर क्वार्टरची अदलाबदल करता यायची. सगळे त्याला 'म्यूच्युअल' म्हणत. पार शेवटच्या लाइनीतला एक माणूस आमच्या क्वार्टरला यायला तयार होता, त्याची सहीसुद्धा झाली होती. राहिली होती फक्त बाबांची.

"तिकडे तुमचे लोक जास्त आहेत," काका गोडीत म्हणाले. "तुम्हाला बरं पडेल. तुमच्या भल्यासाठीच एवढी भागदौड केली."

बाबांनी अर्ज खिडकीच्या उजेडात धरून सावकाश वाचला. "यात एक रकाना रिकामा आहे जी. अदला-बदली का कारण."

"लिहा काहीतरी. मुलीची शाळा जवळ पडते म्हणून लिहा."

"शाळा तर इथूनच जवळ आहे."

"मग तब्येतीचं लिहा. ऑफिसात कोण वाचतंय?"

"मी वाचतो," बाबा म्हणाले. "आणि कारण तुमच्याजवळ आहे, माझ्याजवळ नाही. तुम्हीच लिहा. खरं लिहिलं तर आत्ता सही करतो."

काकांनी पेन उघडलं आणि पुन्हा टोपण लावलं. जातीवरून कुणाला एखाद्या वस्तीत राहायला अडवणं हा कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना बाबांइतकंच ठाऊक होतं. ते ऑफिसातले, नियमांची पुस्तकं त्यांच्याच कपाटात असायची. खरं कारण लिहायचं म्हणजे गुन्हा स्वतःच्या अक्षरात कबूल करायचा. शेवटी "विचार करा" म्हणून ते उठले आणि अर्ज टेबलावर ठेवून गेले.

आई बाबांवरच चिडली. "त्यायनं लिहिलं असतं तर?"

"तर सही केली असती आणि तोच कागद घेऊन पोलीस ठाण्यात गेलो असतो."

"मी थकली आता. रोज ज्यायचं तोंड पाहायचं, त्यायलेच आपण नको. कायले राहायचं इथं? जाऊ ना तिकडे."

बाबांनी अर्ज तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाले, "तुले जायचं असेल तर जाऊ. मी सही करतो. पण ते खोटं कारण तू लिही."

दोन दिवस तो अर्ज टेबलावर पडून होता. आई त्याच्याभोवतीची धूळ पुसायची, त्याला हात लावायची नाही. मला तिथून जायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी आईबरोबर गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले. काकू तिथेच होत्या. आईजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही समजूतदार दिसता. तुमच्या मिस्टरांना तुम्हीच समजवा ना."

"समजावते ना," आई म्हणाली. "कारण काय सांगू?"

काकूंनी दोरीवरचा कपडा उगाच सारखा केला. आईने घाई केली नाही, हातातली चादर तशीच धरून त्यांच्याकडे बघत राहिली. काकू अर्धी बादली तशीच ठेवून खाली उतरल्या.

आई घरी आली, तिने माझं पेन मागितलं आणि त्या रकान्यात चौथी शिकलेल्या बाईच्या मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं, "कारण नाही." मग जिथे बाबांची सही हवी होती तिथे तिने स्वतःची सही केली. क्वार्टर बाबांच्या नावावर होतं, तिच्या सहीने अदलाबदल होणार नव्हती. पुढे मी वकील झाले, खूप कागदांवर सह्या पाहिल्या. त्या सहीइतका अभिमान मला दुसऱ्या कुठल्याच सहीचा वाटला नाही.

बाबा ड्यूटीवर होते. आईने त्यांची वाट पाहिली नाही. पदर सारखा केला, समोरचं दार वाजवलं आणि काकांच्या हातात अर्ज देऊन म्हणाली, "आम्ही इथंच राहतो."