तेजू ते आयझॉल, सव्वा तास

माझी सगळी नोकरी बसडेपोत गेली. गाड्यांच्या वेळा लावायच्या आणि ड्रायव्हरांच्या थापा पकडायच्या. घाटात अडकलो होतो म्हणाला, की मी पुढच्या स्टँडला फोन लावायचो. अंतर आणि वेळ जुळली नाही म्हणजे स्वारी मध्येच कुठेतरी जेवून, डुलकी काढून आलीय, हे मला त्याचं तोंड न बघताही कळायचं. रिटायर झालो तरी खोड राहिलीच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं बायको म्हणते.

मुलगी खराडीच्या एका कंपनीत आहे. विमानतळांवर हवामानाची यंत्रं बसवायला ती गावोगाव फिरते. आमच्या घरात एक नियम आहे, कुठेही गेलात तरी पोचल्याचा फोन करायचा. शाळेच्या पहिल्या सहलीपासून तिनं तो पाळला. "बाबा, पोचले," म्हणायची आणि मग अर्धा तास वाटेतलं सगळं सांगत बसायची. त्या अर्ध्या तासाची मला सवय लागली होती.

गेल्या हिवाळ्यात ती अरुणाचलात, तेजूला होती. तिथून मिझोरमला, आयझॉलला जायचं होतं. बुधवारी सकाळी निघते म्हणाली आणि पोचल्याचा फोन आला तो गुरुवारी संध्याकाळी. तोही दोन मिनिटांचा. दमलेय म्हणाली आणि ठेवून दिला.

मी कॉम्प्युटर उघडला. दोन विमानतळांची नावं घातली की अंतर आणि वेळ सांगणारं एक पान असतं. त्यानं सव्वा तास दाखवला. मग मधले दोन दिवस गेले कुठे? तिच्याबरोबर ऑफिसातला एक मुलगा आहे, हे मला माहीत होतं. लग्नाचा विषय काढला की हल्ली ती उठून आत जाते, हेही बघत होतो. कुठेतरी पाणी मुरत होतं.

"अहो, मुलगी आहे ती, ड्रायव्हर नाही," बायको म्हणाली. पण मी ऐकतोय कसला. दुसऱ्या दिवशी फोन लावला.

"काय गं, विमानाला बैल जुंपले होते का? सव्वा तासाच्या वाटेला दोन दिवस?" एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण रात्र कुठे काढलीस आणि कोणाबरोबर, तेही विचारून बसलो.

ती म्हणाली, "बाबा, तेजूहून आयझॉलला विमानच नाही. ते पान नकाशावर रेघ मारून वेळ सांगतं. मी दिब्रुगडपर्यंत जीपनं आले, तिथून गुवाहाटी, तिथे मुक्काम, मग आयझॉल. तो मुलगा अजून तेजूलाच आहे. मी एकटी होते."

मी नुसतं "बरं" म्हणालो. चुकलो म्हणायला जीभ रेटेना. डेपोत कोणी नवखा रस्ता आहे की नाही ते न बघता वेळ लावता, तर मी त्याला उभा सोलला असता.

त्यानंतरच्या दौऱ्यात तिचा फोन आला नाही. मोबाइलवर फोटो आले. दोन बोर्डिंग पास, टॅक्सीची पावती, हॉटेलची पावती, तिच्या एकटीच्या नावाची. वेळ नीट वाचता येईल असे, ओळीनं. खाली एक शब्द नाही. आमचे ड्रायव्हर टेबलावर लॉगशीट ठेवून असेच न बोलता निघून जायचे.

मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण खोटं कशाला बोलू, आधी मी चष्मा लावून वेळा ताडून पाहिल्या. सगळ्या जुळत होत्या.