रेसच्या गाडीची गादी

माझी मावशी सोफे, खुर्च्या आणि गाद्या शिवते. तिच्या कारखान्यात दोन शिलाई मशिनं, एक लांबलचक टेबल, आणि पोटातल्या स्प्रिंगा बाहेर काढून ताटकळत बसलेले चार-पाच सोफे कायम असतात. कुणाच्याही घरी गेली की ती आधी माणसाला बघत नाही, तो बसलाय कशावर ते बघते. एकदा माझ्यासाठी स्थळ बघायला गेलो, तर मुलाच्या वडिलांना म्हणाली, "उठा जरा. तुमच्या खुर्चीची पट्टी सुटलीय." पट्टी ओढून दिली, चहा घेतला आणि आम्ही परत आलो. स्थळाचं पुढे काही झालं नाही. खुर्ची मात्र अजून टिकून आहे म्हणतात.

फोन घ्यायचं काम काकांकडे, म्हणजे मावशीच्या यजमानांकडे. पोस्टातून निवृत्त झालेले. ऐकू कमी येतं हे त्यांना मान्य नाही. लोक हल्ली पुटपुटतात, असं त्यांचं म्हणणं. एका सकाळी त्यांनी फोन घेतला आणि सुबक अक्षरात चिठ्ठी लिहून ठेवली : "रेशमी गादी. दोन माणसं. एक जाड, एक बारीक. दोघांना एकीवरच बसायचंय. तातडीचं."

"बसायचंय कशाला म्हणाले? झोपायचं असेल," मावशी म्हणाली. "नवीन लग्न दिसतंय."

तिने टेप घेतली, रेशमी कापडाचे नमुने घेतले, मला बरोबर घेतलं, आणि आम्ही पत्त्यावर गेलो. ते निघालं एक गॅरेज. आत चौकटीवर उचलून ठेवलेली एक चारदारी गाडी. दरवाजांवर आकडे रंगवलेले, आत मागची सीट नाही, गालिचा नाही, छताचं अस्तरसुद्धा नाही. नुसता पत्रा आणि लोखंडी नळ्यांचा पिंजरा. गाडीखालून एक मिस्त्री सरपटत बाहेर आला.

"गादीचं माप घ्यायला आलेय," मावशी म्हणाली. "ती दोघं कुठायत? एक जाड, एक बारीक?"

"जाड कोण म्हणालं?" कोपऱ्यातून एक भारदस्त आवाज आला.

ते डॉक्टर. दातांचे. गाडी त्यांची. त्यांच्या मागे खांबासारखा उंच आणि खांबाइतकाच गप्प असा एक जण उभा होता, तो त्यांचा मेहुणा. मिस्त्रीने मावशीच्या हातातलं रेशीम पाहिलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "मावशी, मी रेसची गाडी म्हणालो होतो. रेशमी गादी नाही."

"मावशी मी हिची," मावशी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "तुमची नाही. आता सांगा, काय आहे ते."

मग मिस्त्रीने सांगितलं. गावाबाहेरच्या रेसट्रॅकवर वर्षाला सहा शर्यती होतात. त्यात दोन जातीच्या गाड्या एकत्र पळतात. एक, जमिनीला पोट घासत जाणाऱ्या स्पोर्ट्स कार. आणि दुसऱ्या, आपल्या दारात उभ्या असतात तशाच, पण आतून सोलून काढलेल्या टूरिंग कार. शर्यत तासाभराची. गाडी एक, चालवणारे दोन. अर्ध्यावर थांबून चालक बदलायचाच, असा नियम. आणि सीट नटबोल्टने गाडीच्या तळाला आवळलेली, पुढेमागे होत नाही. ती डॉक्टरांच्या मापाची. मेहुणा बसला, की प्रत्येक वळणावर तो रिकाम्या डब्यातल्या एकट्या बिस्किटासारखा या कडेपासून त्या कडेपर्यंत आपटायचा. गेल्या शर्यतीत त्याच्या दोन्ही बाजूंच्या बरगड्यांना सूज आली होती, आणि गाडी त्यांच्या गटात शेवटची. त्याच्या आधीच्या शर्यतीतही शेवटची.

"म्हणजे ह्याला आत एक गादी हवी," मावशी म्हणाली. "झटक्यात घालता येईल, झटक्यात काढता येईल अशी. मग आधीच सांगायचं की."

ती माप घेऊ लागली, तेवढ्यात डॉक्टर फुरंगटले. गाडी माझी, हौस माझी, आणि अंगासरशी गादी ह्या एकट्याला? मिस्त्रीकडे एक खोकं होतं. त्यात दोन डबे. दोन्हीतली द्रव्यं पिशवीत मिसळायची, माणसाला त्या पिशवीवर बसवायचं, फेस फुगतो आणि पाठीचा हुबेहूब साचा तयार होतो. डॉक्टर म्हणाले, आपण हेच करू. मावशीने टेप गुंडाळली. "करा," म्हणाली. "फसलं तर बोलवा."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास फोन आला. काकांनी चिठ्ठी लिहिली : "डॉक्टर फसले."

ह्या वेळी त्यांनी अगदी बरोबर ऐकलं होतं. एका माणसाला एक खोकं पुरतं. डॉक्टरांचा आकार बघून मिस्त्रीने आणखी एक मागवून दोन खोकी ओतली होती. पिशवी फुटली. फेस काखेतून वर आला, मांड्यांवरून पुढे आला, आणि दगडासारखा घट्ट झाला. आम्ही पोहोचलो तेव्हा डॉक्टर गाडीत गळ्यापर्यंत पिवळ्या फेसात रुतून बसले होते. मेहुणा त्यांच्या कानाशी फोन धरून उभा होता. पलीकडून दवाखान्यातल्या बाई ओरडत होत्या, "डॉक्टर, पेशंट केव्हाचा खुर्चीत बसलाय!"

"मीही खुर्चीतच बसलोय!" डॉक्टर ओरडले.

मावशीने पिशवीतून फोम कापायची लांब सुरी काढली. डॉक्टरांचे डोळे मोठे झाले.

"हलू नका. थोडं टोचेल," मावशी म्हणाली.

"थोडं म्हणजे किती?"

"तुम्ही पेशंटला सांगता तेवढंच."

पाऊण तास लागला. फेसाचे तुकडे पडत गेले, आणि शेवटी डॉक्टर सुटले. पॅन्टचा मागचा भाग मात्र फेसाशीच राहिला. मिस्त्रीचा काळा डांगरीसूट चढवून, कानामागे पिवळा फेस घेऊन ते दवाखान्यात गेले. त्यांना तसं बघून पेशंट म्हणाला, आता माझा दात दुखत नाही, आणि निघून गेला.

त्यानंतर गादीचं काम बिनविरोध मावशीकडे आलं. तिने मेहुण्याला कारखान्यातल्या सोफ्यावर बसवलं, हातात पातेल्यावरचं झाकण दिलं आणि म्हणाली, "चालव." मी सोफा डावीकडे ओढायची, काका उजवीकडे. मावशी खडू घेऊन, तो कुठे झुकतो, कुठे सरकतो ते बघत होती. तासाभराने तो माणूस पहिल्यांदा आपणहून बोलला : "डाव्या वळणाला खांदा हवा." मावशी एवढी खूश झाली की तिने त्याला चहा दिला. गादीला तिने न पेटणारं खास कापड वापरलं, आत तीन जातीचे कडक फोम, आणि खांद्याशी पिशवीला असतात तसे दोन कान. धरले, ओढले, की गादी बाहेर. शर्यतीआधी गाड्यांची पडताळणी करणारा साहेब म्हणाला, "कापडाचा दाखला?" मावशीने दाखला दिला, शिवाय एक तुकडा आणि काडेपेटी दिली. साहेबाने तीन काड्या संपवल्या आणि सही केली.

चालक बदलायची तालीमही सोफ्यावरच झाली. मेहुणा उठला, गादी ओढली, डॉक्टर बसले : अकरा सेकंद. काका पोस्टातलं घड्याळ घेऊन उभे होते. "अकरा! टपालसुद्धा एवढं वेगात गेलं नाही कधी!"

शर्यतीच्या दिवशी मदतनिसांपैकी एक म्हणून मावशीचं नाव दिलं होतं. आगीपासून वाचवणारा सूट तिच्या मापाचा नव्हता, म्हणून तिने तो सूट देणाऱ्यांसमोरच बाह्या दुमडून, टाके घालून बसता केला. चोवीस गाड्या सुटल्या तेव्हा तिने कानात बोळे असूनही वरून हात ठेवले आणि मला ओरडून विचारलं, "ह्यांना एवढी घाई कसली?"

मेहुणा मात्र असा काही चालवत होता! वळणावर आता तो आपटत नव्हता. गाडीत खिळा ठोकावा तसा बसला होता. आमच्या गटात सहा गाड्या होत्या. अर्धा तास झाला तेव्हा तो चौथा. गाडी आत आली, थांबली. मेहुणा उडी मारून उतरला, गादी ओढली, ती एका झटक्यात बाहेर आली. डॉक्टर धपकन आत बसले. सगळं सोफ्यावर झालं तसं झालं. आणि मग मिस्त्रीने पट्टे उचलले.

पट्टे मेहुण्याच्या मापाला आवळलेले होते. सोफ्याला पट्टे नव्हते, त्यामुळे तालमीत ही गोष्ट कुणाच्या ध्यानातच आली नव्हती. मिस्त्री सैल करायला गेला, तर खांद्याचे पट्टे सैल झाले, पण कमरेची कडी घामट हातमोज्यांनी सरकेना. पट्ट्याची दोन टोकं डॉक्टरांच्या पोटाच्या दोन बाजूंना, मध्ये वीतभर अंतर. बाजूने दुसऱ्या गाड्या निघून चालल्या.

"सरका!" मावशी म्हणाली.

तीस वर्षं ती मोठा फोम लहान खोळीत कोंबत आली आहे. तिने गाडीत अर्धं अंग घातलं, गुडघा डॉक्टरांच्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, "श्वास सोडा. सगळा. अजून आहे आत, सोडा!" डॉक्टरांनी सोडला. तिने डावीकडून दाबलं, उजवीकडून थोपटलं, चेन लावताना करते तसा हिसका दिला, आणि कडी वाजली. टक्क.

"आता परत घेऊ?" डॉक्टरांनी बारीक आवाजात विचारलं.

"थोडाथोडा घ्या," मावशी म्हणाली, आणि दार लावलं.

डॉक्टर सुटले ते असे, की मिस्त्री बघतच राहिला. एरवी समोरच्याला "आधी तुम्ही" म्हणत चालवणारा हा माणूस. त्याने दोन वळणांत एकाला मागे टाकलं. एका स्पोर्ट्स कारने त्यांना ओलांडलं, तर ते तिच्या शेपटीला चिकटून पुढे गेले. मिस्त्री रेडिओवर म्हणाला, "डॉक्टर, आज काय खाऊन आलात?"

"मला श्वास घेता येत नाही!" रेडिओतून आवाज आला. "म्हणून भरभर संपवतोय!"

मिस्त्रीने घड्याळाकडे पाहिलं. "डॉक्टर, शर्यत घड्याळावर आहे. एक तास म्हणजे एक तास. वेगात चालवली म्हणून लवकर संपत नाही."

रेडिओ नुसता खरखरला. मग, "हे आधी नाही का सांगायचं!"

पण तोवर ते तिसरे होते, आणि मागे पडायला जास्त त्रास झाला असता. तिसरेच आले. पट्टा सोडल्यावर त्यांनी असा श्वास घेतला, की शेजारच्या चमूतल्या लोकांनी वळून पाहिलं. बक्षिसाच्या पायरीवर उभं राहून कप घेताना मेहुणा एवढंच म्हणाला, "भाऊजी, पट्ट्याला खूण करू या." भाऊजींनी त्याला मिठी मारली. कंबर दुखत होती म्हणून एकाच हाताने.

पुढच्या शर्यतीपर्यंत मावशीकडे चार सीटा आल्या होत्या, त्यातल्या दोन डॉक्टरांच्याच गटातल्या. डॉक्टर रागावून कारखान्यात आले. "आमच्या विरोधकांना गाद्या?"

"तुम्ही त्यांचे दात दुखले तर उपटणार नाही का?" मावशीने विचारलं.

"उपटीन," डॉक्टर म्हणाले, जरा जास्तच उत्साहाने, आणि हसायला लागले.

मागच्या मोसमातला स्पोर्ट्स कारचा विजेता, मोठा अकडू माणूस, एकदा ट्रॅकवर तिच्या समोरून चालत गेला. मावशी म्हणाली, "उजव्या कमरेत कळ येते ना?" त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सीट खांद्यावर घेऊन तो दारात उभा. आता चोवीसपैकी तेरा गाड्यांत मावशीचं काम आहे. काका प्रत्येक शर्यत बघतात, वहीत वेळा लिहितात. गेल्या शर्यतीला मात्र गुडघ्यामुळे त्यांना जाता आलं नाही, म्हणून मावशी घरी आली तसं त्यांनी वही घेऊन दारातच विचारलं, "कोण जिंकलं?"

"ते मी विचारलं नाही," मावशी म्हणाली आणि पंख्याखाली बसली. "सात नंबरची शिवण मात्र उसवलीय. उद्या आणतो म्हणालाय."

काकांनी वही फटकन मिटली ती दुपारभर उघडली नाही.