फाइल नाकारली, कारण रिकामं

आधीच सांगतो, या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. कॉम्प्युटरला भूत लागत नाही. त्यात चूक असते, आणि शोधली की ती सापडते. याच विश्वासावर माझं घर चालतं.

मी चांदवडजवळच्या खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर. वडील कांदा मार्केटमध्ये हमाल, त्यांना लिहिता-वाचता येत नाही. कॉलेजचा रस्ता शाळेतल्या सरांनी दाखवला, ते उपकार विसरणार नाही. आज नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवतो.

गेल्या वर्षी आम्ही एका खासगी हॉस्पिटलचं पोर्टल केलं. ऑपरेशनआधीचे रिपोर्ट पेशंटनं घरूनच अपलोड करायचे. आलेली फाइल तपासणारा कोड माझा. लोक काहीही पाठवतात – कुणी चुकून लग्नाचा व्हिडिओ, कुणी मुद्दाम व्हायरसला पीडीएफचं नाव देऊन. म्हणून माझा कोड फाइलच्या नावावर विश्वास ठेवत नाही. आतली सुरुवात वाचून ती खरंच पीडीएफ आहे का, एवढं बघतो, मग साइज बघतो. बस. रिपोर्ट कुणाचा, त्यात काय लिहिलंय, हे त्याला कळायची सोयच नाही.

एका दुपारी हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरून फोन जोडून दिला. ओझरच्या सविताताई होत्या. सासऱ्यांचं, म्हणजे दादांचं, दुसऱ्या दिवशी हृदयाचं ऑपरेशन, आणि रक्ताचा रिपोर्ट काही केल्या अपलोड होईना. फाइल मोठी असेल, असं मी सांगितलं.

"तसं नाही म्हणत ते. अरे-तुरे करतंय तुमचं पोर्टल."

"काय म्हणतंय?"

"कागद आपलाच हाय का, बघ एकदा."

हे वाक्य माझ्या वडिलांचं आहे. एकदा तहसीलमध्ये आमच्या हातात दुसऱ्याच कुणाचा दाखला पडला होता आणि आम्हाला फुकट हेलपाटे घालावे लागले. तेव्हापासून कुठल्याही खिडकीवर कागद देण्याआधी ते माझी बाही ओढून हेच म्हणायचे, अगदी याच शब्दांत. ऑफिसात हे कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

असा मेसेज आमच्याकडे नाहीच, असं मी ठामपणे सांगितलं. ताईंनी लगेच स्क्रीनशॉट पाठवला. आमचीच लाल चौकट, आमचाच फॉन्ट.

मी म्हणालो, "ताई, बघा ना एकदा."

त्यांनी रिपोर्ट उघडून वाचला. मग हळूच म्हणाल्या, "नाव दादांचंच आहे हो... पण वय एक्केचाळीस लिहिलंय. आमचे दादा सत्तरीच्या पुढचे."

लॅबमध्ये एकाच नावाचे दोन पेशंट होते, आणि व्हॉट्सॲपवर दुसऱ्याचा रिपोर्ट आला होता – अगदी नॉर्मल. दादांचा खरा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत आला. त्यांचं रक्त गोठायला हवं तसं गोठत नव्हतं. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढं ढकललं, आधी औषधं दिली. "उद्याच घेतलं असतं तर रक्त थांबवणं अवघड गेलं असतं," असं ते म्हणाल्याचं ताई सांगत होत्या. आज दादा ओझरच्या बाजारात स्वतः भाजी आणायला जातात.

मी सगळा कोड शोधला, जुन्या आवृत्त्यांसकट. ते वाक्य कुठेच नाही. ताईंकडून तीच फाइल मागवून टेस्टला टाकली, दरवेळी विनातक्रार स्वीकारली गेली. लॉगमध्ये मात्र नोंद होती: नाकारली. आणि कारणाची जागा रिकामी. कारण लिहिल्याशिवाय फाइल नाकारताच येऊ नये, हे मीच बांधलंय. सोबत काम करणारा नीलेश म्हणाला, कुणीतरी तुझी गंमत केली. कुणी, आणि कशी, ते त्यालाही सांगता आलं नाही.

रविवारी गावी जाऊन वडिलांना सगळं सांगितलं. ते ओट्यावर कांदे निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मंग, बघितला का तिनं कागद?"

"बघितला."

"मंग झालं."

आता ते वाक्य मी खरोखरच पोर्टलवर टाकलंय, फाइल निवडली की दिसतं. हॉस्पिटलवाले म्हणाले, 'हाय'चं 'आहे' करा, 'बघ'चं 'बघा' करा. मी नकार दिला, आणि सगळी हकिकत ऐकल्यावर त्यांनीही आग्रह सोडला. पोर्टलवरच्या बाकी प्रत्येक मेसेजचा मला हिशेब देता येतो. हा पहिल्यांदा कुणी लिहिला, ते मात्र मला आजही माहीत नाही.