पोहता न येणारा नावाडी

मी लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. आमचा चौथीतला एक मुलगा खाडीत बुडाला, तेव्हा मुलांना पाण्यात सावध राहायला शिकवण्यासाठी मी एक दिवस ठरवला. पोहणं दाखवायला रेवसच्या एका म्हाताऱ्या नावाड्याला बोलावलं.

तो काठाशी वाकला, पाण्याला लावलेला हात त्याने कपाळाला लावला आणि मुलांनाही तसंच करायला लावलं. मग भरती चढताना बघत बसून राहिला.

"आता पोहून दाखवा," मी म्हटलं.

"मना पवाला येत न्हाय, मास्तर. उभा जल्म होडीवर गेला. पान्याचा भेव हाय, म्हनून जगलो."

मुलं माझ्याकडे बघू लागली. बुडालेला मुलगा पट्टीचा पोहणारा होता.