सुकाणूवाल्याची ओळ

त्या बुडालेल्या जहाजावर किती गाणी निघाली, विचारू नका. कप्तानाचं एक, नव्या नवरीचं एक, तळाशी गेलेल्या रेशमाच्या गठ्ठ्यांचंसुद्धा एक. माणसं बुडाली, गाणारे तरले. सगळ्यांत जास्त चाललं ते सुकाणूवाल्याचं. ‘झोपला गं झोपला, सुकाणूवाला झोपला!’ पोरी त्यावर दोरीच्या उड्या मारायच्या, न्हावी त्याच तालात कात्री चालवायचा.

त्या सुकाणूवाल्याची बायको आमच्या ताडपत्रीच्या शेडमध्ये कामाला. तिची नणंदही तिथंच, म्हणून ती अख्ख्या शेडची वहिनी. उंच, हडकुळी, जेवणाच्या सुट्टीत भिंतीकडे तोंड करून खाणारी. तिचा नवरा झोपला नव्हता. सुकाणूची साखळी गंजून तुटली होती. चौकशीत ते उघड झालं, पेपरात आतल्या पानावर छापूनही आलं. पण तोवर गाणं गावभर झालं होतं, आणि आतल्या पानाला चाल नसते.

आमचं काम असं : शिवलेली ताडपत्री मेणतेलाच्या हौदात बुडवायची आणि रुळावरून वर ओढायची. बायका रांगेनं दोराला, एक जण रुळापाशी कड सरळ धरायला. सगळ्यांचा हिसका एकदम बसला तरच ते धूड हलतं, म्हणून गाणं म्हणत ओढायचं. गाणं कुठलं, तर हेच. प्रत्येक ‘झोपला’वर हिसका. वहिनी ओठ घट्ट मिटून ओढायची.

युनियनचं काम माझ्याकडे. एकदा न राहवून म्हटलं, “वहिनी, ऐकवतं तरी कसं हो तुम्हाला?”

“कानाला झाकणं मिळतात का कुठं? मिळाली तर दोन जोड आणा, एक हिला,” तिनं नणंदेकडे बोट केलं. मग आवाज उतरला. “मला त्यांचा फोटो नको, हार नको. ती एक ओळ तेवढी काढा, ताई.”

माझं डोकं फिरलं. तशीच तिला घेऊन पेटीवाल्याच्या दारात गेले. गाणं त्याचंच होतं.

“कुणाला विचारून लिहिलंस रे?”

“अहो, आधी बसा तरी.”

“बसायला नाही आले. ही त्या सुकाणूवाल्याची बायको.”

त्याचा पेटीच्या भात्यावरचा हात थांबला. “तेव्हा सगळे तसंच बोलत होते हो,” तो पुटपुटला. “गाण्यात कुणीतरी झोपायला लागतं.”

“मग जहाजाच्या मालकाला झोपव की!”

“ओरडू नका, ताई,” वहिनी म्हणाली. “लिहू द्या त्यांना.”

आमच्यासमोरच त्यानं ओळ बदलली : ‘गंजली गं गंजली, सुकाणूची साखळी गंजली!’ चाल तीच, हिसक्याच्या जागाही त्याच.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये ती सगळ्यांकडून घोकून घेतली. “जुनी ओळ जिच्या तोंडून निघेल, तिची माझ्याशी गाठ आहे.”

“पंखा मागितला होता बाई, गाणं घेऊन आली!” मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. वहिनीही हसली, दोर धरला आणि पहिल्यांदाच तोंड उघडून गायली.

सुरुवात झकास झाली. पण ताडपत्री हौदातून निम्मी वर आली, वजन आलं, दम लागला, आणि तोंडं सवयीनं वळली. कुणी ‘झोपला’ म्हणून गेली, कुणी जीभ चावून वहिनीकडे बघत थांबली. हिसका फुटला. धूड मागं सरकलं, रूळ उलटा फिरला आणि कड धरणाऱ्या नणंदेची बोटं आत गेली.

ती किंचाळली. जी ती आपापल्या परीनं ओढायला लागली. मी “ओढा, ओढा!” म्हणून घसा फोडत होते. रूळ हलेना.

तेव्हा वहिनीनं मान वर करून हाळी दिली, “झोपला गं झोपला!”

सगळ्या शेडनं ओळ उचलली, “सुकाणूवाला झोपला!” हिसका बसला. रूळ पुढं फिरला, हात सुटला.

नणंदेची दोन बोटं अजून वळत नाहीत. तिच्या जागी दुसरी उभी राहते. सकाळी गाणं आता वहिनीच धरते, रांगेत पुढं उभी राहून, खणखणीत.

परवा मी म्हटलं, “वहिनी, नवी ओळ पुन्हा शिकवू या. हळूहळू लागेल सवय.”

“कुणाच्या बोटांवर?” एवढंच म्हणून तिनं दोर हाताला गुंडाळला. रांग तिच्या सुराची वाट बघत होती.